नवरा-बायकोने मिळून घेतलेली पीटीएसडी थेरपी, १५ सेशन्स, आमचा अनुभव (५ पैकी ४)

आधीच सांगते, सेंटरचं नाव टाकणार नाहीये. चांगलंही लिहिणार आहे आणि तक्रारीही आहेत, आणि नवरा म्हणाला लिही हवं ते पण नाव टाकू नकोस, तेवढी एकच अट. तर हा रिव्ह्यू सेंटरपेक्षा त्या थेरपीचा धरा. पीटीएसडी म्हणजे लढाईसारख्या भयंकर अनुभवानंतर मनाला जडणारा आजार, त्याच्यावरची ही थेरपी. तिचं पूर्ण नाव कॉग्निटिव्ह बिहेवियरल कन्जॉइंट थेरपी, शॉर्टमध्ये सीबीसीटी. नाव ऐकून मला वाटलं होतं आता काय मशीनबिशीन लावतात की काय. तसलं काही नाही. लढाईवरून आलेल्या माणसाला एकट्याला न बसवता त्याच्या जोडीदारालाही शेजारी बसवतात आणि दोघांकडून काम करून घेतात. १५ सेशन्स, प्रत्येक सव्वा तासाचं, वर घरी करायचा अभ्यास वेगळा.

नवरा फौजेत होता, प्रत्यक्ष लढाईत होता, कुठे आणि कधी ते त्याचं त्याच्यापाशी राहू दे. घरी येऊन सहा वर्षं झाली. घरी येऊन म्हणजे आपलं म्हणायचं.

मला सेंटरवरून पहिला फोन आला की तुम्हालाही यावं लागेल, तेव्हा वाटलं झालं, आता मला समोर बसवून सांगणार की बाई यांना समजून घ्या, चिडू नका, घर शांत ठेवा. अहो तेच तर करत होते सहा वर्षं! आमच्या घराचे नियमच होते तसे. मिक्सर तो अंघोळीला गेला की मगच लावायचा. बातम्या लागल्या की रिमोट माझ्या हातात. त्याला झोपेतून उठवायचं तर खांद्याला हात लावायचा नाही, पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून लांबूनच हाक मारायची, दोनदा, आणि तो डोळे उघडून खोली पूर्ण बघून घेईपर्यंत हलायचं नाही. कुठे गर्दीत जायचं असलं की मी एकटी जाणार आणि विचारणाऱ्याला "त्यांना जरा बरं नाहीये" सांगणार, हे वाक्य मी इतक्यांदा बोललेय की एकदा तो खरंच तापाने पडला होता तेव्हा कुणालाच खरं वाटलं नाही. लेक ११ वर्षांची आहे, ती दार लावताना आधी हँडल खाली दाबून धरते, दार टेकवते आणि मग हँडल हळूहळू वर सोडते, काडीचा आवाज होत नाही. मी सगळ्यांना कौतुकाने सांगायचे, किती शहाणी आहे बघा.

तिसऱ्या सेशनला थेरपिस्ट मॅडमनी विचारलं, गेल्या आठवड्यात तुम्ही यांच्यासाठी काय काय केलंत. मी धडाधड सांगितलं, जरा अभिमानानेच. त्यांनी एकेक गोष्ट बोर्डवर लिहिली आणि मग प्रत्येकीपासून एक रेघ ओढून सगळ्या रेघा एकाच शब्दाला नेऊन जोडल्या, "टाळणं".

हे नीट सांगते कारण अख्खी थेरपी याच्यावर उभी आहे. पीटीएसडीची लक्षणं डॉक्टर लोक चार गटांत धरतात. नको ते आपोआप आठवणं आणि स्वप्नात येणं, ते आठवेल अशा सगळ्या गोष्टी टाळणं, मन आणि विचार काळवंडून जाणं, आणि सतत दचकायला तयार असल्यासारखं सावध राहणं. यातलं टाळणं वरून अगदी निरुपद्रवी दिसतं, कारण गर्दीत गेलो नाही की लगेच बरं वाटतं ना. पण त्यामुळे मेंदूला कधी कळतच नाही की हा मिक्सर आहे, गोळीबार नाही. भीती आहे तिथेच राहते, उलट वर्षागणिक घराची एकेक खोली गिळत जाते. आणि आमच्याकडे तर त्याला स्वतः टाळायचीही गरज उरली नव्हती, त्याच्या वतीने सगळं मीच टाळत होते. याला त्या लोकांत अकॉमोडेशन म्हणतात, आपण म्हणू सांभाळून घेणं, आणि ते किती होतंय हे मोजायची जोडीदारासाठी चक्क प्रश्नावली आहे. म्हणजे सहा वर्षं मी नवऱ्याची नाही, त्याच्या आजाराची बडदास्त ठेवत होते. मी तिथेच रडले आणि घरी जाऊन दोन दिवस त्या मॅडमवर मनातल्या मनात धुमसत होते. तुम्ही हे प्रेमापोटी केलंत, यात तुमची चूक नाही, हे त्या म्हणाल्या, नाही असं नाही, पण सेशन संपता संपता म्हणाल्या, पर्स उचलताना. ते आधी सांगायला हवं होतं. माझा कापलेला पहिला अर्धा मार्क तिथे गेला.

आता थोडं मागे जाते. याआधी तो एकटा जात होता, दुसरीकडे, प्रोलॉंग्ड एक्सपोजर नावाच्या थेरपीला. एड्ना फोआ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बसवलेली पद्धत आहे, साधारण ८ ते १५ सेशन्स, दीड दीड तासाची, त्यात ती आठवण डोळे मिटून मोठ्याने पुन्हा पुन्हा सांगायची असते, त्याचं रेकॉर्डिंग करतात आणि घरी रोज ते ऐकायचं. या पद्धतीवर खूप संशोधन झालंय, अनेकांना चांगला गुण येतो, तिला नावं ठेवायचा माझा काही इरादा नाही. पण आमच्याकडे काय झालं तर तो चार सेशननंतर सोडून आला. नंतर कळलं की ते रेकॉर्डिंग तो खाली गाडीत बसून ऐकायचा, काचा वर करून, आणि मला वाटायचं कुणाशी तरी फोनवर बोलतोय. एकदा तर मी संशयही घेतला, म्हणजे आता हसू येतं पण तेव्हा आलं नव्हतं. तो आतून सोलून निघत होता आणि मी वरती बसून भलताच हिशोब मांडत होते. मला कुणी सांगितलंच नव्हतं की या आठवड्यात तो असा का वागेल. एकट्याच्या थेरपीत घरच्यांना असं अंधारात ठेवलं ना की घर नकळत उलटं काम करतं, हे माझं मत, तुमचं वेगळं असू शकेल.

सीबीसीटी कॅन्डिस मॉन्सन आणि स्टेफनी फ्रेडमन या दोघींची आहे. हिच्यावरची एक मोठी चाचणी २०१२ मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, बोस्टन आणि टोरंटोमधली ४० जोडपी होती त्यात, निम्म्यांना लगेच थेरपी आणि बाकीच्यांना वेटिंगवर ठेवून तुलना, आणि लगेच घेतलेल्यांची लक्षणं बरीच जास्त उतरली, नातंही सुधारलं. ४० जोडपी म्हणजे काही फार मोठा आकडा नाही आणि त्यात सगळेच लढाईवरून आलेले नव्हते, हेही खरं. नवऱ्याने हे वाचल्यावर पहिला प्रश्न हाच विचारला. मॅडमनी तो प्रश्न टाळला नाही, हो म्हणाल्या, तेव्हा त्याचा थोडा विश्वास बसला असं मला वाटतं.

पहिल्याच दिवशी पीसीएल-५ नावाचा फॉर्म भरायला देतात, २० प्रश्न, गेल्या महिनाभरात कुठला त्रास किती झाला, ० ते ४, म्हणजे एकूण ८० पैकी. साधारण ३१ ते ३३ च्या वर आकडा गेला की पीटीएसडीची शक्यता धरून पुढे नीट तपासतात. गंमत अशी की तसाच एक फॉर्म मलाही दिला, त्याच्याबद्दल भरायला. शेजारी शेजारी खुर्च्या, परीक्षेला बसल्यासारखं. झोपेच्या प्रश्नाला त्याने शून्य लिहिलं, मी चार. जवळची माणसं दुरावल्यासारखी वाटतात का, याला मी एक लिहिलं होतं, म्हटलं आमच्याशी तर बरा आहे की. त्याने चार. मॅडमनी दोन्ही कागद टेबलावर जवळजवळ ठेवले आणि काही बोलल्याच नाहीत. तो माझा कागद वाचत होता, मी त्याचा. त्याचा आकडा ५१, माझा ५८, पण खरं सांगू का, आकड्यांपेक्षा तो चार माझ्या डोक्यातून गेला नाही अजून.

पहिली दोन सेशन्स माहिती आणि घरातली सुरक्षितता. यात टाइमआउट शिकवतात, आणि हे तुम्ही थेरपी न घेताही उचलू शकता म्हणून सविस्तर लिहिते. भांडण चढायला लागलं की दोघांपैकी कुणीही "टाइमआउट" म्हणायचं. समोरच्याने मागे जायचं नाही, दाराआडून शेवटचं वाक्य टाकायचं नाही (हे माझ्यासाठी होतं). पण जो उठून जातो त्याने जायच्या आधी परत किती वाजता येणार ते सांगायचं आणि त्या वेळेला यायचंच. तो आधी नुसता उठून जायचा, तास तास, कधी रात्रभर, आणि मी खिडकीशी. पहिल्यांदा त्याने "पावणेनऊला येतो" सांगितलं आणि आठ चव्वेचाळीसला दारात उभा. फौजी माणूस, वेळेचं सांगितलं की पाळणारच! त्या दिवशी भांडण कशावरून होतं तेही आठवत नाही. एवढं मात्र लक्षात ठेवा, घरात मारहाण चालू असेल, दारूचं व्यसन हाताबाहेर असेल किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार चालू असतील तर हे लोक आधी तो प्रश्न हातात घेतात, जोडप्याची थेरपी नंतर. आम्हालाही सुरुवातीला दोघांना वेगवेगळं बसवून हे सगळं विचारलं, मला ते फार बरं वाटलं, कारण त्याच्यासमोर मी काय सांगणार होते.

तिसऱ्यापासून सातव्यापर्यंत बोलायला शिकवतात आणि टाळलेल्या गोष्टी एकेक करून परत करायला लावतात, दोघांनी मिळून. यादी बनवायची, सोप्यापासून अवघडाकडे. आमची पहिली पायरी मिक्सर. मी सांगून लावायचा, मग न सांगता. दुसरी, झोपेतून उठवताना जवळ येऊन हाक. सिनेमाला जाणं सहाव्या नंबरवर होतं. एरवी गेलोच तर शेवटची रांग, कडेची सीट, पाठीला भिंत आणि एक्झिट नजरेत. या वेळी मधली रांग, मधली सीट, मागे लोक. अकराव्या मिनिटाला तो उठला. मी पण उठले, मनात म्हटलं गेली तिकिटं. बाहेर पॅसेजमध्ये तो भिंतीला टेकून उभा, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि माझी सवय अशी की लगेच "चल जाऊ दे, घरी जाऊ" म्हणायला तोंड उघडलं. आणि बोर्डवरच्या त्या रेघा आठवल्या. मी म्हटलं, मी इथे उभी आहे, घाई नाही, पण घरी नको जाऊया. आयुष्यात एवढं अवघड वाक्य मी बोललेले नाही, निर्दयपणा वाटत होता अक्षरशः. वीस मिनिटांनी आत गेलो, शेवटपर्यंत बसलो. सिनेमा अगदीच टुकार होता.

आठव्यापासून पंधराव्यापर्यंतची सेशन्स सगळ्यात जड. इथे त्या घटनेचा अर्थ काय लावून ठेवलाय त्याच्यावर काम चालतं. चांगली गोष्ट म्हणजे प्रसंग बारीकसारीक तपशिलासकट बायकोसमोर सांगायला लावत नाहीत, मला तीच धास्ती होती आणि त्यालाही. मला इतकी वर्षं वाटत होतं की हा घाबरलाय. भीती होतीच पण तळाशी वेगळंच होतं. त्याने एक ड्यूटी बदलून दिली होती, त्याच्या जागी ज्युनियर मुलगा गेला, आणि तो परत आला नाही. बस, एवढंच सांगितलं त्याने, आणि त्याच्या लेखी त्याचा अर्थ एकच, मी मारलं त्याला. याला मॉरल इंज्युरी म्हणतात, म्हणजे आपण जे योग्य मानतो त्याच्या विरुद्ध काही आपल्या हातून घडलं किंवा आपण ते थांबवलं नाही, याची मनाला झालेली जखम. मॅडमनी "तुमची चूक नव्हती" असं एकदाही म्हटलं नाही, ते मी म्हणत होते आणि तो भिंतीकडे बघत होता. त्यांनी कागदाच्या मधोमध उभी रेघ मारली. एका बाजूला, ड्यूटी बदलली त्या वेळी तुम्हाला काय माहीत होतं. दुसऱ्या बाजूला, नंतर काय कळलं. तो लिहायला बसला. डाव्या बाजूला अडीच ओळी झाल्या, उजवी बाजू कागद उलटून मागे गेली. बराच वेळ तो त्या अडीच ओळींकडे बघत होता. मग म्हणाला, "एवढ्यावर तर मी आजही तेच करीन." आणि मग मला म्हणाला, थोडं बाहेर थांबशील का. मी थांबले. वर्षभरापूर्वी असतं तर मला राग आला असता.

असो. तक्रारी.

वेटिंग रूम. लढाईवरून आलेल्या लोकांसाठीचं सेंटर आणि सगळ्या खुर्च्या दाराकडे पाठ करून! तीन जणं कायम उभेच असायचे, सांगून सांगून दोन महिन्यांनी खुर्च्या फिरवल्या. नवव्या सेशनला मॅडम रजेवर, बदली माणूस आला, चांगला असेल, पण त्याने फाइल वाचलेली नव्हती आणि ज्या प्रश्नाला आम्ही आठ सेशन घालवली तो त्याने पहिल्या पाच मिनिटांत विचारला. फुकट गेला दिवस, वर नवऱ्याने पुढच्या वेळी यायला नको म्हटलं. वर्कशीट्स झेरॉक्सची झेरॉक्स, निम्मी अक्षरं खाल्लेली, आणि भाषा अशी की आधी भाषांतराचं भाषांतर करावं लागतं. अमेरिकेच्या वेटरन्स, म्हणजे माजी सैनिकांच्या, खात्याचं पीटीएसडी कोच नावाचं मोबाइल अॅप आहे, २०११ पासून, त्यांचंच घरच्यांसाठी पीटीएसडी फॅमिली कोच म्हणून वेगळंही आहे, ती दोन्ही त्या झेरॉक्सपेक्षा सरस वाटली, पण इंग्रजी वाचता येत असेल तर. माझ्या सासूबाईंना त्यांचा काय उपयोग.

सासूबाईंवरून आठवलं, त्यांचं एकच पालुपद, पूर्वीचे लोक काय लढले नव्हते, त्यांना नाही झालं हे असलं काही. मी पण काही वर्षं हेच मानत होते, तोंडाने बोलत नव्हते एवढंच. आता सांगते त्यांना, व्हायचं हो आई, फक्त नाव वेगळं होतं. पहिल्या महायुद्धात शेल शॉक म्हणायचे, चार्ल्स मायर्स नावाच्या डॉक्टरने १९१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लिहिलं होतं, आणि तेव्हा कितीतरी जणांना भित्रे म्हणून हिणवलं. पीटीएसडी हे नाव अमेरिकेतल्या मानसिक आजारांच्या अधिकृत यादीत यायला १९८० उजाडलं, तेही व्हिएतनामच्या युद्धावरून परतलेले सैनिक स्वतःच गट करून बोलायला लागले, त्यांच्यासोबतच्या डॉक्टरांनी लावून धरलं, त्याच्यानंतर. हे सगळं ऐकून सासूबाई म्हणाल्या, "तुझे सासरे रात्री अंगणात जाऊन बसायचे." सासरेही फौजीच होते. पुढे काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

सगळ्यात मोठी तक्रार लेकीची. ही थेरपी जोडप्याची, मान्य, पण घरात मूल असेल तर त्याच्यासाठी काहीच नाही का? आम्ही मागे लागून एक सेशन जादा मागून घेतलं. त्यात मॅडमनी तिला विचारलं, बाबा दचकतात तेव्हा तुला काय वाटतं. ती म्हणाली, "माझ्यामुळे झालं असं." ११ वर्षांची मुलगी. दाराचं हँडल ते हेच होतं. त्या दिवशी त्याने तिला स्वतः सांगितलं, त्याच्या शब्दांत, आवाजाने दचकायला होतं, तो आजार आहे, तू कारण नाहीस, तू आवाज कर. ती अजून हँडल दाबूनच दार लावते. अर्धा मार्क इथे कापला, खरं तर जास्त कापायला हवा होता.

गोळ्यांबद्दल एवढंच की सर्ट्रालिन ही नैराश्यावरची गोळी त्याला आधीपासून चालू आहे ती थेरपीभर चालूच राहिली, थेरपी सुरू केली म्हणून कुणी आपल्या मनाने गोळ्या बंद करू नका, ते डॉक्टरांना विचारून. आणि नवरा यायला तयार नसेल तर? मला मेसेजमध्ये सगळ्या बायका हेच विचारतात. मी ओढत नेलं नव्हतं, मी त्याला म्हटलं होतं की मला झोप लागत नाही, माझ्यासाठी चल. खोटं नव्हतं ते.

शेवटच्या सेशनला परत तो फॉर्म. त्याचा ३०, माझा ३३. बरा झाला का? नाही म्हणता येणार. वर्षातल्या त्या तारखेच्या आसपास अजून घरात कुणी जोरात बोलत नाही, फटाक्यांच्या आवाजाला अजून बाथरूमचं दार बंद होतं, पण आता आत मी पण असते किंवा निदान विचारते येऊ का. झोपायला सहा वर्षं वेगळ्या खोल्या होत्या कारण झोपेत त्याचे हात चालतात, आता आठवड्यातल्या चार रात्री एका खोलीत. मॅडमनी निघताना विचारलं, पुढचं टार्गेट काय ठेवताय. मला वाटलं हा सात म्हणेल, निदान पाच तरी.

म्हणाला, "साडेचार."